डोनर पार्टीच्या वाटेने: ओमाहा ते सॅन होजे

डोनर पार्टीचं नाव ज्यांनी ऐकलंय त्यांना बहुतेक एवढंच माहीत असतं की ते लोक बर्फात अडकले आणि मेलेल्यांचं मांस खाऊन जगले. मला हे कायम अन्यायाचं वाटत आलंय. १८४६ सालची गोष्ट, इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डहून एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाला जायला निघालेली शेतकरी-व्यापारी कुटुंबं, पुढे वाटेत माणसं जोडली जाऊन झाली एकूण ८७, त्यात लहान मुलं भरपूर, आणि ही माणसं काही एका रात्रीत अडकली नाहीत. उन्हाळाभर इथे चार दिवस तिथे आठवडा असे दिवस हातातून जात राहिले आणि शेवटी हिशोब बर्फाने पुरा केला. तो हिशोब जागेवर जाऊन बघायचा हे माझ्या डोक्यात बरीच वर्षं होतं.

भावाची नोकरी ओमाहाहून सॅन होजेला बदलली, सामान गाडीत भरून स्वतःच चालवत जायचं त्याने ठरवलं, आणि आई आणि मी तेव्हा तिथेच होतो. म्हटलं सरळ हायवेने भराभर जाण्यापेक्षा त्यांच्या वाटेने जाऊ. तो म्हणाला ताई, चालेल, पण गाडी मागून पूर्ण भरलेली असणार आणि ऑगस्टचा शेवट आहे, ऊन असेल. आईने दशम्या, चटणी, मेतकूट आणि छोटा राइस कुकर बांधून घेतला, निघालो.

शनिवार, ओमाहा ते गेरिंग

नेब्रास्का म्हणजे मका, मग आणखी मका, आणि उजव्या-डाव्या हाताला कुठेतरी प्लॅट नदी. डोनर मंडळी मिसुरीतल्या इंडिपेंडन्सहून कॅन्ससमधून येऊन या नदीला लागली होती. आजचा आय-८० हायवे शेकडो मैल याच नदीच्या कडेने जातो, कारण त्या काळातही सपाटी, गवत आणि पाणी तिन्ही एकत्र फक्त इथेच मिळायचं. बैलगाड्या दिवसाला बारा-पंधरा मैल चालायच्या, आम्ही तेवढं अंतर पाऊण दशमी खाऊन होईपर्यंत कापत होतो.

ओगलालाला हायवे सोडला आणि रस्ता एकदम बदलला. अॅश हॉलोजवळ विंडलास हिल म्हणून उतार आहे, तिथे थांबलो. बहुतेक तांडे इथूनच खाली उतरायचे. चाकं साखळीने जाम करायची, मागून दोर बांधून माणसांनी धरायचं आणि गाडी उतरवायची, सुटली की गाडीही गेली आणि बैलही गेले. उतारावर अजून खोल चर दिसतात. आई म्हणाली, "उतारावर बैलाच्या मानेवर सगळा भार येतो गं, बिचारे कसे आले असतील." माझं आजोळ शेतकऱ्याचं, त्यामुळे पूर्ण प्रवासात आईचं लक्ष माणसांइतकंच बैलांवर होतं, आणि त्याचा मला फार उपयोग झाला.

धुराड्यासारखा उभा चिमणी रॉक लांबून दिसायला लागला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील आणि त्याच्या मागे आभाळ काळं-हिरवं झालेलं. हिरवं आभाळ मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. भावाचा फोन अलर्टने ओरडायला लागला, दहा मिनिटांत गारा. सुरुवातीला बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या, टपावर असा आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. पेट्रोल पंपाच्या छपराखाली जायचं म्हणून निघालो तर तिथे आधीच ट्रक आणि पिकअप खेटून उभे, एका माणसाने आपली गाडी पुढे घेऊन आम्हाला अर्धी जागा करून दिली. तोपर्यंत पुढच्या काचेला डाव्या बाजूला तडा गेलेला. बॉनेटवर खड्डे. पंपावरच्या बाई म्हणाल्या की इथे हे दर वर्षी होतं, तुमचं थोडक्यात निभावलं.

त्या काळातल्या रोजनिशांमध्ये प्लॅटच्या काठच्या गारांची वर्णनं खूप येतात. कापडाच्या छताची गाडी आणि बाहेर बिथरलेले बैल, हे वाचताना मी आधी पान उलटून पुढे जायचे. आता नाही जाणार.

रविवार, गेरिंग ते कॅस्पर

काचेचा तडा बोटभर होता, भावाने सकाळी तात्पुरता पॅच लावून घेतला आणि निघालो. स्कॉट्सब्लफ गावाजवळ रेल्वेच्या रुळाशेजारी रेबेका विंटर्स नावाच्या बाईची कबर आहे. १५ ऑगस्ट १८५२ ला कॉलऱ्याने गेली. या वाटेवर माणसं मेली ती सिनेमात दाखवतात तशी बाणांनी नाही, सगळ्यात जास्त कॉलऱ्याने, सकाळी ठीक असलेला माणूस रात्री पुरायचा. हजारो कबरी अशा की चाकांखाली सपाट झाल्या, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून मुद्दाम सपाट केल्या. हिची ओळख राहिली कारण गाडीच्या चाकाची लोखंडी धाव वाकवून कोणीतरी तिच्यावर छिन्नीने नाव आणि वय कोरलं, पन्नास वर्षं. पुढे रेल्वेची मोजणी करणाऱ्यांना ती सापडली आणि १९९५ मध्ये सुरक्षित जागी हलवली. आईने तिथे दोन मिनिटं डोळे मिटून हात जोडले.

स्कॉट्स ब्लफच्या माहिती केंद्राबाहेर जुन्या पद्धतीच्या गाड्या जूसकट उभ्या केल्यात. आईने मला विचारायला लावलं की या गाड्यांच्या बैलांना पत्री, म्हणजे खुराला नाल, मारायचे का. रेंजर बाई खूश झाल्या, म्हणाल्या हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मारायचे, आणि बैलाचा खूर दुभंगलेला म्हणून एका पायाला दोन, आणि घोड्यासारखा बैल तीन पायांवर उभा राहत नाही म्हणून पाडूनच मारायला लागायची. आई म्हणाली आमच्याकडेही तसंच, पाडून. घोडे-खेचरं सोडून लोक बैल का न्यायचे तर स्वस्त, साध्या गवतावर चालणारे, आणि वेळ आली तर खाताही येणारे. हे शेवटचं मी आईला सांगितलं नाही.

दुपारी फोर्ट लॅरामी. आत्ताच्या इमारती लष्कराच्या काळातल्या आहेत, लष्कराने १८४९ ला घेतला, त्याआधी कातड्यांच्या व्यापाऱ्यांचं ठाणं होतं. २७ जून १८४६ ला इथे जे बोलणं झालं त्यासाठी मी आले होते. तांड्यातला जेम्स रीड, पैसेवाला, हुशार, मानी माणूस, त्याला इथे जेम्स क्लायमन भेटला, जुना ओळखीचा. दोघं १८३२ च्या ब्लॅक हॉक लढाईत एकाच तुकडीत होते, त्याच तुकडीत अब्राहम लिंकनसुद्धा होता. रीडच्या हातात लॅन्सफर्ड हेस्टिंग्जचं मार्गदर्शक पुस्तक, त्यात एक शॉर्टकट, ग्रेट सॉल्ट लेकच्या दक्षिणेने. क्लायमन नुकताच त्याच वाटेने उलट बाजूने घोड्यावरून आलेला, तेही खुद्द हेस्टिंग्जबरोबर! त्याने स्वच्छ सांगितलं, नेहमीची गाडीवाट सोडू नका, तिने गेलात तरी जेमतेम पोचाल. रीडचं म्हणणं, जवळची वाट असताना वळसा कशाला.

मी त्या मैदानात बराच वेळ थांबले. डोळ्यांनी बघून आलेला माणूस समोर बसलेला आणि विश्वास छापलेल्या ओळीवर. हेस्टिंग्जने पुस्तक लिहिलं तेव्हा तो त्या वाटेने एकदाही गेलेला नव्हता, गाडी घेऊन तर नाहीच.

ग्वेर्न्सीचे चर बघितले. वाळूच्या दगडात चाकांनी पडलेले, काही ठिकाणी पाच फूट खोल, मी आत उभी राहिले तर माझे खांदेच काय ते वर. मातीत चर पडतात, दगडात पडायला किती चाकं जायला लागतात त्याचा अंदाज तिथे उभं राहिल्यावर येतो.

कॅस्परला रात्री नऊला पोचलो तर मॉटेलवाल्याकडे आमचं बुकिंगच नाही, पैसे मात्र कापलेले. फोनाफोनी, वादावादी, आईचे पाय सुजलेले, शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला दुप्पट भाड्यात खोली मिळाली आणि रात्री साडेदहाला कुकरमध्ये मऊ भात लावला, मेतकूट-तूप घालून खाल्ला, झोपलो.

सोमवार, कॅस्पर ते रॉक स्प्रिंग्ज

इंडिपेंडन्स रॉक हा मोकळ्या माळावर बसलेला एकच प्रचंड ग्रॅनाइटचा दगड, जवळपास १३० फूट उंच. ४ जुलैपर्यंत इथे पोचलात तर बर्फाआधी डोंगर पार कराल असा सगळ्यांचा हिशोब. लोकांनी नावं कोरलीत, काही डांबराने लिहिली होती ती उन्हा-पावसात गेली. भाऊ आणि मी वर चढलो, वारा इतका की बसून पुढे सरकावं लागलं. आई खाली सावलीत बसून होती, वर आल्यावर खालची गाडी आणि आई अगदी ठिपका.

डोनर मंडळी इथे ४ जुलै उलटून गेल्यावर पोचली. फार उशीर नव्हता, हे लक्षात ठेवायचं. इथपर्यंत ते बाकी तांड्यांच्या शेपटीला होते एवढंच.

पुढे स्वीटवॉटर नदीच्या कडेने साउथ पास. नाव ऐकून घाट डोळ्यासमोर येतो पण ही साधारण ७,४०० फुटांवरची रुंद, जवळपास सपाट जमीन आहे, सेजब्रशची करडी झुडपं आणि हरणासारखे प्राँगहॉर्न. त्या काळी रॉकी पर्वत गाड्यांनी ओलांडता यायचा तो या एका सपाटीमुळे, ती नसती तर अमेरिकेचा पश्चिमेचा इतिहास वेगळाच झाला असता. मुख्य रस्त्यापासून काही मैल कच्च्या वाटेवर दोन दगड आहेत, एक वाटेच्या आठवणीचा, दुसरा नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पॉल्डिंग यांचा, या दोघी मिशनऱ्यांच्या बायका १८३६ ला इथून गेल्या.

परत येताना त्या कच्च्या रस्त्यावर मागचं टायर फाटलं. नुसतं पंक्चर नाही, कडेने बोटभर चीर. तीन फोन, तिन्हींना रेंज नाही. स्टेपनी सामानाच्या तळाशी, म्हणजे गाडी पूर्ण रिकामी करायची, कॉम्प्युटरची खोकी, भांडी, पुस्तकं, सगळा संसार सेजब्रशमध्ये मांडला. वाऱ्याने एक चादर उडाली ती भाऊ धावत जाऊन घेऊन आला. नट इतके घट्ट की पाना घसरायचा. तासभर झाला असेल, गुरांचा ट्रेलर लावलेला एक पिकअप आला, एक म्हातारे रँचवाले काका आणि त्यांचा नातू. काकांनी त्यांचा लांब पाइप पान्यावर चढवला, पाच मिनिटांत चाक बदललं. पाणी पुरेसं आहे का हे तीनदा विचारलं. पैसे घ्यायला तयार नाहीत, आईने लाडूचा डबा दिला तो मात्र घेतला, एक तिथेच खाल्ला आणि नातवाला दुसरा दिला.

लाकडी गाडीचं चाक मोडलं की काय होत असेल याचा विचार मी परत सामान भरताना करत होते. त्या लोकांच्या गाड्यांतून पुढे कपाटं, पुस्तकं, ट्रंका वाटेत टाकल्या गेल्या. आमचं सगळं परत आत गेलं.

स्टेपनीवर हळूहळू फार्सन ओलांडलं. याच भागात लिटल सँडी नावाचा ओढा, तिथे २० जुलैच्या सुमाराला तांडा फुटला. बहुतेक लोक नेहमीच्या वाटेने उजवीकडे गेले आणि कॅलिफोर्नियाला वेळेत पोचले. जे डावीकडे वळले त्यांनी जॉर्ज डोनरला प्रमुख निवडलं, म्हणून नाव त्याचं. टॅमसेन डोनर, त्याची बायको, मुलांची शाळामास्तरीण, ती त्या दिवशी उदास होती असं लिहून ठेवलेलं आहे, तिला हा निर्णय पटलेला नव्हता.

मंगळवार, रॉक स्प्रिंग्ज ते सॉल्ट लेक सिटी

नवीन टायर बसवण्यात सकाळ गेली. दुपारी फोर्ट ब्रिजर. इथे आलं की मला राग येतो, आलाच. जिम ब्रिजरचं दुकान या वाटेवर, पण वरून एक कटऑफ, म्हणजे जवळची वाट, निघाला आणि गाड्या परस्पर जायला लागल्या, धंदा बसला. हेस्टिंग्जची वाट चालली तर गाड्या परत त्याच्या दारावरून जाणार. त्याने रीडला सांगितलं वाट चांगली आहे. एडविन ब्रायंट नावाचा पत्रकार पुढे गेलेला, त्याने मागच्या लोकांसाठी पत्रं ठेवली होती की गाड्या घेऊन या वाटेने येऊ नका. रीडला ती पत्रं मिळालीच नाहीत, आणि ती मुद्दाम दाबली असं रीड शेवटपर्यंत मानत होता. ३१ जुलैला ते इथून निघाले.

हेस्टिंग्ज स्वतः पुढच्या एका तांड्याबरोबर गेलेला. ६ ऑगस्टला एका झुडपात त्याची चिठ्ठी सापडली, पुढची वेबर नदीची खिंड वाईट आहे, थांबा, माणूस पाठवा. रीड आणि आणखी दोघे घोड्यावर त्याला गाठायला गेले. तो काही परत येऊन वाट दाखवेना, थोडा मागे आला आणि डोंगरावरून हात करून दाखवलं, तिकडून जा.

तिकडून म्हणजे जिथून आम्ही गेलो. हेनिफर गावाहून ईस्ट कॅन्यन, तिथून बिग माउंटन, मग एमिग्रेशन कॅन्यन. आज वळणावळणाचा डांबरी रस्ता आहे, हिवाळ्यात बंद असतो, आणि दोन्ही बाजूंना इतकी दाट झाडी की गाडीतून उतरून दहा पावलं आत जायचा प्रयत्न केला तर फांद्या अंगाला ओरबाडतात. या साधारण ३६ मैलांना त्यांना दोन आठवड्यांहून जास्त लागले. वाट नव्हतीच, कुऱ्हाडीने तोडून काढली. शेवटच्या तोंडाशी माणसं इतकी दमली की झाडी तोडायचं सोडून गाड्या सरळ उभ्या टेकडीवरून ओढल्या, एकेका गाडीला मिळतील तेवढ्या सगळ्या बैलजोड्या जुंपून. ती टेकडी, डोनर हिल, खोऱ्याच्या तोंडाशी आहे. भावाने गाडी बाजूला घेतली, आईने काच खाली करून बघितलं आणि म्हणाली, "इथे बैल मेले रे." मेले नाहीत इथे, पण मोडले, आणि पुढे वाळवंट होतं.

पुढच्या वर्षी, १८४७ च्या जुलैमध्ये, मॉर्मन पंथाचे लोक याच तोडलेल्या वाटेने आले आणि सॉल्ट लेक सिटी वसवली. त्या टेकडीच्या बाजूची झाडी त्यांनी काही तासांत तोडून सपाट वाट काढली.

बुधवार, मिठाचं वाळवंट

सकाळपासून हवेत धूर, कुठेतरी वणवा लागलेला, सूर्य तांबडा. आई खोकत होती म्हणून एसी आतल्या आत फिरवत गेलो. ग्रँट्सव्हिल, मग स्कल व्हॅली. इथल्या शेवटच्या झऱ्यांपाशी त्यांना हेस्टिंग्जची फाटलेली चिठ्ठी मिळाली होती, टॅमसेनने गुडघ्यावर बसून तुकडे गोळा केले, फळीवर जुळवले. दोन दिवस आणि दोन रात्री खडतर चाल, पाणी नाही. त्याचा अंदाज ४० मैलांचा होता. निघालं ८० च्या आसपास.

बॉनव्हिलच्या मिठागराच्या थांब्यावर उतरलो. पांढरं, डोळे मिटवणारं. थोडं पुढे एका वयस्कर जोडप्याचा पिकअप आत जाऊन रुतला होता, आम्ही पाणी घेऊन चालत गेलो. वरचा मिठाचा थर फरशीसारखा कडक वाटतो आणि त्याच्याखाली राखाडी, चिकट, खारट चिखल, चाक फुटभर आत. मी फळी सरकवायला वाकले तर पाय घोट्यापर्यंत गेला आणि बूट आत राहिला. टो ट्रक यायला दोन तास लागले, तेवढा वेळ त्या काकूंना आमच्या गाडीत आईजवळ बसवलं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं. दोघींची भाषा एक नाही पण गुडघेदुखीवर दोघींचं बोलणं झालं.

पुस्तकात वाचलं होतं की चाकं चिखलात आऱ्यांपर्यंत जायची आणि बैल ओढून ओढून बसायचे. मला प्रश्न पडायचा, वाळवंटात चिखल कुठून? त्या दोन तासांत उत्तर मिळालं. ३० ऑगस्टला ते यात शिरले आणि पार व्हायला पाच-सहा दिवस लागले. दिवसा भाजणारं, रात्री गारठा. रीडचे बैल तहानेने बिथरून रात्रीत पळाले ते कायमचे. रीड, त्याची बायको मार्ग्रेट आणि चार मुलं पायी निघाली, थंडीत मुलांना जमिनीवर झोपवून अंगावर पांघरुणं आणि कडेला त्यांची कुत्री बसवली, उबेसाठी. तांड्यातली तीसच्या वर जनावरं गेली, गाड्या मिठात सोडून द्याव्या लागल्या.

पलीकडे पायलट पीक, ज्याच्या पायथ्याला पहिलं गोडं पाणी. धुरात तो डोंगर पुसट पुसट दिसत होता, मग नाहीसा झाला. आम्ही वेंडोव्हरला जेवलो, रात्री एल्को.

गुरुवार, हंबोल्टच्या काठाने

एल्कोजवळ कॅलिफोर्निया ट्रेल केंद्र आहे, जरूर बघा, आणि ते नेमकं तिथे आहे जिथे हेस्टिंग्जची वाट परत नेहमीच्या वाटेला मिळते. डोनर मंडळी इथे पोचली २६ सप्टेंबरला. शॉर्टकट नेहमीच्या वाटेपेक्षा शंभराहून जास्त मैल लांब भरला होता. बाकीचे तांडे कधीच पुढे गेलेले. हंबोल्ट नदी म्हणजे ओढा, पाणी गढूळ, आणि माणसं एकमेकांकडे संशयाने बघायला लागलेली.

५ ऑक्टोबरला चढावर बैलांची गुंतागुंत झाली, भांडण, रीडच्या सुरीने तांड्यातला जॉन स्नायडर मेला. रीडला तांड्यातून हाकललं, बायको-मुलं मागे ठेवून तो एकटा पुढे. काही दिवसांनी हार्डकूप नावाचे म्हातारे गृहस्थ, बेल्जियमचे, पाय सुजून फुटलेले, त्यांना गाडीतून उतरवलं. तांड्यातल्या विल्यम एडीने गाड्या असणाऱ्यांकडे जाऊन घोडा मागितला, कोणी दिला नाही. ते शेवटचे दिसले तेव्हा झुडपाखाली बसलेले. मला अख्ख्या गोष्टीत हे सगळ्यात जड जातं, पुढच्या बर्फातल्या गोष्टींपेक्षाही, कारण इथे अजून अन्न होतं आणि बर्फ नव्हतं.

लव्हलॉकच्या अलीकडे हायवेलगत गवताला आग लागली आणि तीन तास सगळी वाहतूक जागेवर. १०० फॅरनहाइटच्या वर, आईची बीपीची गोळी सामानात, ती काढायला परत अर्धं सामान बाहेर. शेजारच्या ट्रकवाल्या सरदारजींनी आईला त्यांच्या थंड केबिनमध्ये बसवलं आणि चहा करून दिला. आई खाली उतरली ती म्हणाली, जालंधरचे आहेत, मुलगी नर्सिंग शिकतेय. रात्री अकराला रीनो.

शुक्रवार, डोनर लेक

सकाळी नऊलाच पोचलो. तळं निळं, पाइनचा वास, मुलं पोहतायत. स्मारकाचा चौथरा २२ फूट उंच, त्या हिवाळ्यात बर्फ तेवढा होता असं म्हणतात. वर आई-बाप-मुलांचा पुतळा. त्यापेक्षा मला मर्फी कुटुंबाच्या झोपडीचा दगड जास्त लागला, घरापेक्षा मोठी शिळा, तिची सपाट बाजू हीच झोपडीची एक भिंत होती. त्यावर जगलेल्यांची आणि मेलेल्यांची नावं. आईने मला एक एक नाव वाचायला लावलं.

ऑक्टोबरच्या अखेरीस ते इथे पोचले, खिंड समोर दिसत होती, दोन-तीनदा प्रयत्न केला आणि बर्फाने परत लोटलं. डोनर कुटुंब तर मागे अल्डर क्रीकलाच अडकलं. जनावरं बर्फात गाडली गेली, मग बैलांची कातडी उकळून तो चिकट रस खायचा. मार्ग्रेट रीडने नाताळसाठी मूठभर बीन्स, सुकी सफरचंदं आणि खारवलेल्या मांसाचा तुकडा कधीपासून लपवून ठेवला होता, तो त्या दिवशी शिजवून चार मुलांना वाढला. हे ऐकल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "चार मुलं भुकेली असताना झाकून ठेवायचं म्हणजे काय धीर लागतो बघ."

१६ डिसेंबरला काहीजण हाताने केलेल्या बर्फाच्या चपला घालून मदत आणायला निघाले. दोघं परतले, पंधरा पुढे गेले, दहा पुरुष, पाच बायका. ३३ दिवसांनी सात जण पोचले, दोन पुरुष आणि पाचही बायका. आणि त्या पंधरांत लुइस आणि साल्वाडोर होते, मिवोक जमातीचे दोन तरुण. सॅक्रामेंटोच्या सटर्स फोर्टचा मालक सटर, त्याने या लोकांसाठी धान्य आणि खेचरं देऊन पाठवलेले, म्हणजे हे दोघं अडकलेले नव्हते, हे वाचवायला आले होते. माणसाचं मांस खायला त्यांनी नकार दिला, आपल्याला मारणार हे कळल्यावर पळाले, पुढे थकून पडलेले सापडले आणि त्यांना गोळ्या घातल्या, खाण्यासाठी. बाकीचे मेल्यावर खाल्ले गेले, हे दोघं मारून. या गोष्टीचं कोणी नाव काढलं की या दोघांचं नाव मी मुद्दाम घेते.

दुपारी अल्डर क्रीक. २००३-०४ च्या उत्खननात इथल्या चुलीजवळ हाडांचे बारीक बारीक तुकडे सापडले, ओळखता आले ते गाय-बैल, घोडा, हरीण आणि कुत्रा. माणसाचं एकही ओळखता आलं नाही. इथले मूळ रहिवासी वाशो, त्यांच्या सांगण्यात असं आहे की त्यांनी या लोकांना लांबून बघितलं, खायला द्यायचा प्रयत्न केला.

मग जुन्या हायवेने खिंडीवर, साधारण ७,००० फूट. तिथे रेल्वेचा जुना बोगदा आणि चिनी मजुरांनी चुन्याशिवाय रचलेली दगडी भिंत, चायना वॉल. डोनर पार्टीनंतर जेमतेम २० वर्षांत इथला ग्रॅनाइट सुरुंगाने फोडून १८६८ ला आगगाडी पार गेली. वरून तळं बघितलं तर अंतर इतकं कमी, भाऊ म्हणाला, "ताई, एक दिवस आधी आले असते तर?" आम्ही कठड्यावर बसून बोटांवर मोजलं. फोर्ट ब्रिजरला चार दिवस. चिठ्ठीनंतर रीडची वाट बघत चार-पाच. झाडी तोडताना दोन आठवडे. मिठानंतर हरवलेले बैल शोधण्यात जवळपास आठवडा. यातलं कुठलंही एक नसतं तरी चाललं असतं.

शनिवार, सॅक्रामेंटोमार्गे सॅन होजे

सटर्स फोर्टला रीड पोचला होता, आणि तिथून निघालेली पहिली मदत १८ फेब्रुवारीला तळ्यावर पोचली. मार्ग्रेट दोन मुलांना घेऊन निघाली, आठ वर्षांची पॅटी आणि तीन वर्षांचा टॉमी चालू शकेनात म्हणून त्यांना परत झोपडीत पाठवावं लागलं. पॅटी आईला म्हणाली की मी परत दिसले नाही तर तू तुझं नीट कर. दुसऱ्या तुकडीबरोबर खुद्द रीड येत होता, बर्फातच त्याला बायको आणि दोन मुलं भेटली, आणि तो पुढे जाऊन मागे राहिलेली दोघंही घेऊन आला. पॅटीने कपड्यात लपवून आणलेली बोटाएवढी लाकडी बाहुली सटर्स फोर्टच्या संग्रहात आहे. टॅमसेन डोनरला बाहेर पडता आलं असतं, ती मरणाऱ्या नवऱ्याजवळ राहिली आणि तीही गेली. एकूण जवळपास निम्मी माणसं गेली.

रीडची सहाच्या सहा माणसं जगली आणि सॅन होजेला स्थायिक झाली. पुढे त्याने तिथे जमिनी पाडून विकल्या आणि रस्त्यांना घरच्यांची नावं दिली. रीड स्ट्रीट, मार्गारेट स्ट्रीट, व्हर्जिनिया स्ट्रीट, मार्था स्ट्रीट, म्हणजे पॅटीच. आणि कीज स्ट्रीट. सारा कीज ही मार्ग्रेटची आई, सत्तरीची, क्षयाने आजारी, मुलीला सोडून राहणार नाही म्हणून गाडीत आडवी होऊन निघालेली. मे महिन्यात कॅन्ससमध्येच, बिग ब्लू नदीजवळ गेली, ओकच्या झाडाखाली पुरली.

बे एरियात आपले इतके मराठी लोक आहेत, रोज या रस्त्यांवरून जाणारे असतील. भावाची नवी खोली कीज स्ट्रीटपासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. सामान उतरवायच्या आधी आईने तिकडे न्यायला लावलं.